दाखवायला नेली की बरी!

लहान मुलाला रात्रभर ताप असतो. सकाळी दवाखान्यात न्यावं, तर डॉक्टरांच्या टेबलासमोर त्याचं अंग थंडगार. डॉक्टर आपल्याकडे बघतात, आपण मुलाकडे बघतो आणि मूल निवांत खेळत असतं. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना माझ्या गाडीची गोष्ट लगेच कळेल.

आमच्या घरातली ही पहिली चारचाकी, आणि ती हौसेनं घेतलेली नव्हती. माझ्या अम्माला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. आम्ही राहतो कवठे महांकाळकडे. एस.टी.नं जाताना निभायचं, पण डायलिसिस झाल्यावर माणूस गळून जातो. त्या अवस्थेत तिला स्टँडवर बसवून ठेवणं मला बघवेना. शेवटी फंडातून पैसे काढले, वर कर्ज घेतलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकलो आणि नवी कोरी गाडी दारात आणली.

पाचव्या महिन्यात ती पहिल्यांदा बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही. चालता चालता इंजिन गप्प झालं, समोरचे दिवे एकदम लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. कशीबशी बाजूला घेतली. दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू! मागच्या सीटवरून अम्मा म्हणाली, "गाडीकू बी डायलिसिस लगताय क्या रे?" मी हसलो, पण हातापायांना कंप सुटला होता. मागून ट्रक येत असता तर?

सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी दोन चकरा मारल्या, गाडी उत्तम चालली. बॅटरीच्या तारा साफ करून दिल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी दोष पेट्रोलवर गेला. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या तरुणानं अगदी नम्रपणे विचारलं, "सर, गाडी नवीनच शिकलात ना?" जॉब कार्डवर तिन्ही वेळा एकच शेरा होता : 'तपासले, दोष आढळला नाही.' हळूहळू घरातलेही माझ्याकडे त्याच नजरेनं पाहू लागले. खरं सांगायचं तर मलाही शंका येऊ लागली, की क्लच सोडताना आपणच काही चुकतो की काय.

एस.टी. स्टँडच्या मागं एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "वॉरंटीतली गाडी आहे. मी एक वायर सोडली, तर उद्या सगळा दोष माझ्यावर येईल. पण एक सांगतो सर, अधूनमधून येणारा बिघाड लहरी नसतो. त्याची वेळ ठरलेली असते. आपल्याला ती ठाऊक नसते एवढंच. ती शोधा."

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. यंत्रातलं मला काय कळणार? पण नोंद ठेवणं मला जमतं. कवितेच्या वहीची मागची पानं घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, किती वेळ चालवली, मध्ये किती वेळ थांबलो, ए.सी. चालू की बंद, टाकीत पेट्रोल किती, ऊन की पाऊस, रस्ता कसा, कोणता दिवा लागला, किती वेळानं पुन्हा सुरू झाली. शिवाय ज्या दिवशी गाडी बंद पडली नाही, त्या दिवसांचीही नोंद ठेवली. ही गोष्ट सर्वांत उपयोगी पडली. नुसते वाईट दिवस लिहिले, तर सगळ्यांवरच संशय येतो. चांगले दिवस शेजारी ठेवले, की निरपराध आपोआप सुटत जातात.

सातव्या नोंदीला चित्र दिसलं. सकाळी घरून निघाल्यावर गाडी एकदाही बंद पडली नव्हती. इस्पितळासमोर चार तास उभी राहून निघाली, तरीही नाही. बंद पडायची ती लांबून येऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलं आणि पुन्हा निघालं की. म्हणजे अम्माला सोडून, कागद करून औषधं आणायला निघालो की. किंवा परतताना वाटेत फळं घ्यायला थांबलो की.

असं का व्हावं? गरम इंजिन बंद केलं की ते लगेच निवत नाही. इंजिनातून फिरणारं पाणी थांबतं, समोरून येणारा वाराही थांबतो. त्यामुळं बॉनेटखालच्या काही भागांची उष्णता थोडा वेळ उलट वाढते. सर्व्हिस सेंटरवाले गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंडगार चालवायचे. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यातला हा प्रकार.

वही घेऊन चौथ्यांदा गेलो. या वेळी भांडलो नाही, एवढंच म्हणालो, "मी सांगतो तशी चालवा." एक तंत्रज्ञ शेजारी बसला. गाडीतल्या संगणकाला, म्हणजे ई.सी.यू.ला, त्यानं स्कॅनर जोडला. पाऊण तास चालवली, वीस मिनिटं थांबलो, पुन्हा निघालो. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी, परत निघाल्यावर चौथ्या मिनिटाला, गाडी गप्प झाली. तंत्रज्ञ स्कॅनरकडे बघतच राहिला. गाडी अजून गिअरमध्ये पुढं जात होती आणि पडद्यावर इंजिनाचे फेरे शून्य दिसत होते!

चोर सापडला. इंजिनाच्या मुख्य दांड्याजवळ, क्रँकशाफ्टपाशी, एक छोटा सेन्सर असतो. दांड्याबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दाते तो मोजतो. कवितेत मात्रा मोजाव्यात तसंच. त्या मोजणीवरून संगणक ठरवतो, की पेट्रोल केव्हा सोडायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची. मोजणी थांबली की संगणक समजतो, इंजिनच थांबलं. मग तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. माझ्या गाडीतल्या सेन्सरची आतली जोडणी तापली की सुटायची आणि निवली की जुळायची. सेन्सर आणि त्याचा कनेक्टर वॉरंटीत बदलून मिळाला. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

तुमच्या गाडीत हाच दोष असेल असं नाही. कुठं अर्थिंगची तार सैल असते, कुठं कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी जातं, कुठं वायर पत्र्याला घासून खड्ड्यात आदळल्यावरच टेकते. ऊन, ओल आणि हादरा हे तीन मुख्य संशयित. नोंद ठेवताना आधी त्यांच्याकडे बघावं.

इंजिनाचा दिवा लागत नाही म्हणजे दोष नाही, असंही समजू नये. काही दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय संगणक दिवा लावत नाही. पण त्याच्या स्मृतीत कोड उमटलेला असू शकतो. म्हणून स्कॅनर लावल्यावर कोड पुसण्याआधी त्याची छापील प्रत मागावी. पुसला की पुरावा गेला.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर घाबरून किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून तो पुन्हा पुन्हा दाबून वाया घालवू नये. एकदाच, भक्कम दाबावा. चारही इंडिकेटर लावून डावीकडे घ्यावी आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभं करावं.

आता कागदांविषयी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. प्रत्येक खेपेला जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत जपावी. अमेरिकेत अशा सदोष गाडीला 'लेमन' म्हणतात. तिथल्या कनेक्टिकट राज्यानं १९८२ साली त्यासाठी खास कायदा केला. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत अडकली, की ग्राहक गाडी बदलून किंवा पैसे परत मागू शकतो. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आपला आधार आहे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वकील सक्तीचा नाही. आधी सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र एक ध्यानात ठेवावं. एखादा भाग बदलून दोष जात असेल, तर सगळी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच सांगितलं आहे. आणि भाग बदलायचा, तर दोष कुठं आहे ते आधी सापडावं लागतं.

मला राग होता तो गाडी बंद पडण्याचा नव्हता. यंत्र आहे, बिघडणारच. राग होता तो माझं कुणी खरं मानत नाही याचा. पण वहीतल्या सात ओळी समोर ठेवल्या आणि त्याच माणसांचा सूर बदलला. ते काही वाईट नव्हते. त्यांना दिसत नव्हतं ते मी त्यांना दाखवत नव्हतो, फक्त सांगत होतो.

गाडी ताब्यात घेताना काउंटरवरचा तो तरुण जवळ आला. म्हणाला, "सर, त्या पानांची झेरॉक्स काढून घेऊ का? आमच्या मुलांना दाखवायला." मी वही त्याच्या हातात दिली. तीस वर्षं कविता लिहितोय, पण माझ्या वहीची झेरॉक्स कुणी मागितल्याची ही पहिलीच वेळ.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)