कुलूपबंद बोअरची खबर

गावाच्या कडेला बोअर पडला. मशीन निघून गेले, पंप मात्र बसला नाही. जमिनीवर हातभर पाइप, त्याला झाकण आणि झाकणाला कुलूप. "चांगले पाणी लागले होते, वाया घालवले," असे पारावर कोणी ना कोणी म्हणतेच.

ते वाया गेलेले नसते. ती निरीक्षण विहीर. तिने पाणी द्यायचे नसते, पाण्याची खबर द्यायची असते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून उन्हाळ्यातल्या टंचाईचा अदमास बांधतात. अशा बोअरवर कोणी मोटर बसवली, तर मोजमाप मोटरचे होईल, भूजलाचे नाही.

बांधणीही निराळी. पाणी कोणत्या खोलीवर लागले ते लिहून ठेवतात आणि तेवढ्याच भागात भोकांचा पाइप घालतात. भोवती धुतलेली बारीक खडी, वरच्या भागात मात्र चिकणमाती किंवा सिमेंट ठासून भरलेले. या ठासणीत कुचराई झाली, की उकिरड्याचे पाणी पाइपालगत थेट खाली उतरते आणि दोष लागतो भूजलाला. आपल्या घरच्या बोअरचे तोंडही याच नजरेने पाहावे.

नमुना घेताना घाई नडते. पाइपात साचलेले पाणी शिळे. 6 इंची बोअरमध्ये फुटाला सुमारे साडेपाच लिटर पाणी मावते. 60 फूट पाणी उभे असेल, तर ते 330 लिटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे हजारभर लिटर उपसून मग बाटली भरायची. बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. तेला-औषधाची धुऊन घेतलेली चालत नाही. क्षारांच्या तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळतात. जंतूंच्या तपासणीची मात्र निर्जंतुक केलेली असते, ती मुळीच विसळायची नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवलेली बरी.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्यातले नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. शेणखताचे ढीग, रासायनिक खते, शोषखड्डे यांतून ते खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात कालवलेले वरचे दूध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिले, तर त्याचे ओठ, नखे निळी पडू शकतात, जिवावरही बेतते. आणि आयाबहिणींनो, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे प्रमाण उलट वाढते. घरात तान्हे मूल असेल, तर पाण्याची तपासणी आधी करून घ्या.

आणि पोरांना एक सांगून ठेवा. झाकण उघडे दिसले, तर किती खोल आहे ते पाहायला त्यात खडा टाकायचा नाही. एखादा दगड मध्येच अडकला, की मोजायची फीत खाली जात नाही.