वजने उचलल्याने उंची खुंटते काय?

वसतिगृहातील मुलांना पालक बजावून जातात, ‘वजने उचलू नका, उंची खुंटेल.’ लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते. तेथेच हाड लांबते. तिला गंभीर इजा झाल्यास त्या हाडाची वाढ बिघडू शकते, हे खरे. तथापि अशी इजा खेळताना पडूनही होते. जाणकाराच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची घटल्याचे आढळलेले नाही.

मग नामवंत वेटलिफ्टर बुटके का दिसतात? येथे कार्यकारणाची उलटापालट झाली आहे. हातपाय आखूड असले की दांडी कमी अंतर उचलावी लागते. म्हणून ठेंगणे या खेळात टिकतात. सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळविले. त्या गटात धिप्पाड माणूस बसणार तरी कसा?

आम्हांस खरी धास्ती आहे ती बंदीची. बंदी घातली की मुले आडोशाला जाऊन पैजेवर दगड उचलतात, आणि कंबर धरते. त्यापेक्षा शिक्षकांसमोर आधी जोर-बैठका, मग रिकामी दांडी आणि ढब बसल्यावरच थोडे वजन, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. उंचीची काळजी असलेल्या पालकांनी मुलाच्या ताटातील डाळ-अंडी आणि त्याची झोप यांची चौकशी अवश्य करावी.