ब्रिटनमधील दूरचित्रवाणी परवाना आणि परदेशी शिकणारे विद्यार्थी : एक विवेचन

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पदवीधर उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजनांमुळे सामान्य कुटुंबांनाही ही वाट खुली झाली आहे. अशा विद्यार्थ्याच्या खोलीवर परवान्याची विचारणा करणारे पत्र आल्यास तो गोंधळून जाणे स्वाभाविक आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांना उपयोगी पडावे, या हेतूने प्रस्तुत लेखात या नियमांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
भारतात १९३३ च्या बिनतारी तारयंत्रविषयक कायद्यान्वये विनापरवाना संच बाळगण्यास मनाई होती. रेडिओचा व पुढे दूरचित्रवाणीचा परवाना टपाल कार्यालयातून वार्षिक शुल्क भरून घ्यावा लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत रद्द झाली; त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना तिचा परिचय नाही. ब्रिटनमध्ये मात्र ती टिकून राहिली आणि २००३ च्या कम्युनिकेशन्स अॅक्टने तिला आजचे कायदेशीर स्वरूप दिले.

नियमांचे स्वरूप :
१) परवाना संच बाळगण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी लागतो. कोणत्याही वाहिनीचे कार्यक्रम प्रसारणाच्या वेळीच पाहणे वा ध्वनिचित्रमुद्रित करणे, तसेच बीबीसी आयप्लेअर वापरणे यांसाठी तो आवश्यक आहे. संगणक व मोबाइलही यातून सुटत नाहीत. भारतीय वाहिनीवरील थेट बातम्या वा क्रिकेट सामना इंटरनेटवरून पाहणेही यातच मोडते.
२) परवाना व्यक्तीपेक्षा पत्त्याशी निगडित असतो. वसतिगृहाच्या सामाईक कक्षासाठी संस्थेचा परवाना असला, तरी विद्यार्थ्याच्या खोलीस तो लागू होत नाही. एकत्रित भाडेकरार असलेल्या घरास सामान्यतः एक परवाना पुरतो. करार स्वतंत्र असल्यास प्रत्येकास आपल्या खोलीसाठी वेगळा घ्यावा लागतो.
३) आईवडिलांच्या पत्त्यावर परवाना असल्यास, वीजजोडणी वा अँटेनाशी न जोडता केवळ अंतर्गत बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावर पाहण्याची विद्यार्थ्यास सवलत आहे. तथापि नांदेड वा लातूर येथील पालकांकडे ब्रिटिश परवाना नसल्याने आपल्या विद्यार्थ्यांना या सवलतीचा लाभ होत नाही.

आर्थिक बाजू :
१ एप्रिल २०२५ पासून रंगीत संचासाठी वार्षिक शुल्क १७४.५० पौंड ठरविण्यात आले. विनापरवाना पाहिल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिष्यवृत्तीवर गुजराण करणाऱ्यास ही रक्कम जड जाते. उलटपक्षी, गरज नसताना केवळ भीतीपोटी शुल्क भरणे हाही नुकसानीचाच प्रकार होय. प्रसारण संपल्यानंतर अन्य सेवांवर मागणीनुसार उपलब्ध होणारे कार्यक्रम पाहणाऱ्यास परवाना लागत नाही. तसे घोषणापत्र ऑनलाइन देता येते. मुदतीपूर्वी मायदेशी परतणाऱ्यास उरलेल्या पूर्ण महिन्यांच्या शुल्काचा परतावा मागता येतो. तपासणीस येणाऱ्या कर्मचाऱ्यास न्यायालयाच्या आदेशाविना घरात शिरण्याचा अधिकार नसतो.

समारोप :
सारांश, परवाना हवा की नको हे विद्यार्थी काय व केव्हा पाहतो यावर ठरते. प्रस्थानापूर्वीच्या मार्गदर्शनात भाडेकरार, विमा आणि बँक खाते यांच्या जोडीने या विषयासही स्थान दिल्यास परक्या भूमीतील अनाठायी दंड व अनाठायी खर्च, दोन्ही टळतील.