मेळघाट : घाटवाटांचा प्रदेश

वऱ्हाड म्हटलें म्हणजे काळीभोर जमीन, कापसानें पांढरीं झालेलीं शेतें आणि पूर्णा नदीचें दूरवर पसरलेलें सपाट खोरें डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु अचलपूर किंवा अकोट येथें उभें राहून उत्तरेकडे पाहिलें असतां हें सपाट वऱ्हाड एकाएकीं संपतें आणि निळसर डोंगरांची भिंत क्षितिजावर आडवी आलेली दिसते. ही सातपुड्याची गाविलगड रांग होय. आणि तिच्या माथ्यापासून उत्तरेस तापी नदीपर्यंत पसरलेला जो अरण्यमय मुलूख, तोच मेळघाट.

जेथें घाटांचा मेळ होतो तो मेळघाट, अशी या नांवाची फोड सांगतात. पाण्याच्या बाबतींत तरी ती अगदीं यथार्थ आहे. रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेलें पाणी शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांच्या वाटेनें पूर्णेस मिळतें. उत्तरेकडचें पाणी सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार यांच्या दऱ्यांतून तापीकडे जातें. आणि पुढें खानदेशांत पूर्णाहि तापीसच मिळत असल्यामुळें दोन दिशांनीं निघालेलें पाणी शेवटीं एक होतें. माणसांच्या वाटांची हकीकत मात्र इतकी सरळ नाहीं.

दक्षिणेकडून या प्रदेशांत शिरण्याचीं मुख्य द्वारें तीन. पहिलें चिखलदऱ्याचें. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बडनेरा स्थानकीं उतरून अमरावती, तेथून मोटारीनें परतवाडा आणि पुढें घाट चढून चिखलदरा, असा हा मार्ग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवरील हें विदर्भांतील थंड हवेचें ठिकाण. भीमानें कीचकाचा वध करून त्याला येथील दरींत लोटून दिलें, म्हणून हा कीचकदरा, अशी लोककथा आहे; जवळचें भीमकुंडहि त्याच कथेशीं जोडलेलें आहे. हैदराबाद कंटिंजंट या पलटणींतील कॅप्टन रॉबिन्सन यानें १८२३ सालीं हें ठिकाण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेस आणिलें. महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच दिसणारे कॉफीचे मळे येथें आहेत. जवळच वैराट हें या डोंगरांतील सर्वांत उंच स्थळ असून त्याची उंची १,१७८ मीटर आहे.

चिखलदऱ्यालगतचा गाविलगड पाहिल्यावांचून प्रवाशानें परतूं नये. इ. स. १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहा यानें येथें भक्कम तट उभारला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या लढाईंत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, तेव्हां त्यांच्या फौजेचा कांहीं भाग या किल्ल्यांत आला. गडाची दक्षिण बाजू खडी. केवळ उत्तरेकडून हल्ला शक्य होता. पण तिकडे तोफा न्यावयास वाटच नव्हती. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानें डोंगरांतून स्वतः रस्ता करीत, अवजड तोफा हातांनीं ओढीत, पांच-सहा दिवसांत त्या उत्तरेस आणून उभ्या केल्या. १५ डिसेंबर रोजीं गड पडला, किल्लेदार बेनीसिंग धारातीर्थीं पडला आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. तटाच्या बळावर जो गड निर्धास्त होता, तो एका नव्या वाटेनें गेला. अरण्यांत वाट पाडणें ही केवढी गंभीर गोष्ट असते, याची ही साक्ष आहे.

दुसरें द्वार सेमाडोहाचें. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सागाच्या दाट रानांतून जातो. वाटेंत सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह व कोलकास हीं वनखात्याचीं विश्रामस्थानें लागतात. कोलकास येथें नदीनें घेतलेलीं वळणें पाहत बसावें, यासारखें दुसरें सुख नाहीं. १९७३ सालीं देशांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटाची गणना झाली. पुढें १९८७ सालीं त्यांतील गाभ्याचा भाग गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, सांबर आणि रानकुत्रे यांची ही वस्ती. रानपिंगळा नांवाचें एक लहानसें घुबड तर १८८४ नंतर कोणाच्याच निश्चित दृष्टीस न पडल्यामुळें नामशेष समजलें गेलें होतें. १९९७ सालीं तें खानदेशांत पुन्हां आढळलें आणि नंतर मेळघाटांतहि त्याचा वावर असल्याचें दिसून आलें.

तिसरें द्वार अकोला जिल्ह्यांतून आहे. अकोटच्या उत्तरेस शहानूर हें पायथ्याचें गांव, आणि वर नरनाळा किल्ला. इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमाद-उल्-मुल्क यानें १४८७ सालीं बांधविलेला महाकाली दरवाजा हें येथील मुख्य वैभव. त्यावरील कोरीव अक्षरें आणि कमळें पाहिलीं म्हणजे पाथरवटाच्या हाताचें कौतुक वाटतें. नऊगजी तोफहि गडावर आहे. आंतील धारगडच्या महादेवाला श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारीं वऱ्हाडांतील भाविक मोठ्या संख्येनें जातात.

याच बाजूनें एके काळीं आगगाडीहि अरण्यांत शिरत असे. १९६० च्या सुमारास पूर्ण झालेल्या अकोला-खंडवा मीटर गेज मार्गावर धूळघाटाजवळ गाडी एक पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच मार्गाखालून निघे. डब्यांतील मुलें तें पाहण्यास खिडकीशीं दाटी करीत. जयपूर आणि हैदराबाद यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस या वाटेनें धावे. २०१७ च्या आरंभीं रुंदीकरणासाठीं ही वाहतूक बंद झाली. नवा रुंद मार्ग जुन्याच वाटेनें वाघांच्या वस्तींतून न्यावा कीं अरण्यास वळसा घालून बाहेरून न्यावा, यावर मग मोठा वाद झाला.

या वादाची दुसरी बाजूहि प्रवाशानें जाणून घ्यावी. मेळघाट केवळ श्वापदांचा नाहीं; तो कोरकू लोकांचा आहे. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळांतील नसून दूर पूर्वेकडील संताळी, मुंडारी यांच्या कुळांतील आहे. पावसाळ्यांत नाले भरले कीं आंतील कित्येक पाडे तुटून पडतात. १९९० नंतरच्या दशकांत बालकांच्या कुपोषणामुळें मेळघाटाचें नांव देशभर दुःखानें घेतलें गेलें. डॉ. रवींद्र कोल्हे यांनीं बैरागड येथें वैद्यकी सुरू केली, तेव्हां मोटारीचा रस्ता संपल्यावर पुढें सुमारें ४० किलोमीटर पायीं जावें लागे. त्यांना व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु तापानें फणफणलेल्या लेकराला घेऊन तीच वाट चालणाऱ्या आईला रस्ता नको असें कोण म्हणेल? उलटपक्षीं, वाघासाठीं गाभ्याचें रान मोकळें करावें म्हणून कोहा, कुंड, बोरी यांसारखीं गांवें या शतकाच्या आरंभीं तेथून उठून सपाटीवर गेलीं. म्हणजे रस्ता झाला तर रान भंगतें आणि न झाला तर माणूस मरतो. कोणता रस्ता कोणासाठीं, हा विवेक प्रत्येक वाटेच्या बाबतींत नव्यानें करावा लागतो. एकदांच ठरवून मोकळें होतां येत नाहीं.

प्रवाशाच्या हातीं मात्र एवढें निश्चित आहे. हिंवाळ्यांत हवा सुखद असते. उन्हाळ्यांत पानगळीमुळें जनावरें पाणवठ्यावर दिसण्याचा संभव अधिक. पावसाळ्यांत चिखलदरा धुक्यानें भरून जातो. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं वनखात्याच्या परवानगीनें मचाणावर बसून चांदण्यांत पाणवठा न्याहाळण्याची सोयहि होते. अरण्यांत परवाना घेऊन, स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन आणि नेमून दिलेल्या वाटेनेंच फिरावें. वाटाड्या कोरकू असेल तर त्याला झाडाचें, पक्ष्याचें, नाल्याचें नांव त्याच्याच भाषेंत विचारावें. कोरकू या शब्दाचा अर्थ ‘माणसें’ असा आहे. वाघ दिसेल किंवा न दिसेल. परंतु ज्या रानांत तो राहतो, त्याच रानांत हीं माणसेंहि राहतात, एवढें ज्याच्या ध्यानांत राहिलें, त्याचा मेळघाटचा प्रवास सफळ झाला.