मशीन घेण्याआधी सॉकेटचं बघा: इलेक्ट्रिशियनकडून काम नीट कसं करून घ्याल?



घरून उद्योग सुरू करताना आपण मशीनच्या किमतीवर महिनाभर चर्चा करतो. पण त्याची पिन कुठे लावायची, हे मशीन घरी आल्यावर ठरतं. मग घाईघाईत कोणाला तरी बोलावतो आणि सांगतो, "दादा, इथे एक पॉइंट काढून द्या." दादा पॉइंट काढून देतात. पण तो मोबाइलच्या चार्जरसाठी आहे की दोन हजार वॅटच्या ओव्हनसाठी, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आजचा मुद्दा एवढाच: इलेक्ट्रिशियनला पॉइंट सांगू नका, लोड सांगा. बाकी सगळं त्यातूनच ठरतं.

1) आधी कागदावर लोड मांडा

प्रत्येक मशीनच्या मागे पट्टी असते, त्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला 230 ने भागा, की अँपिअर मिळाले.

समजा, तुम्ही घरून केक करणार आहात. ओव्हन 2000 वॅटचा, म्हणजे साधारण 8.7 अँपिअर. मिक्सर 750 वॅटचा, म्हणजे साधारण 3.3 अँपिअर. आपल्याकडचं लहान सॉकेट 6 अँपिअरचं असतं, ते फार तर 1380 वॅट झेपवतं. म्हणजे मिक्सर चालेल, ओव्हन नाही. ओव्हनला 16 अँपिअरचं मोठं सॉकेटच पाहिजे. आणि दोन्ही एकाच साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावले, तर 6 अँपिअरच्या बोर्डातून 12 अँपिअर जाणार. पहिल्या दिवशी काही होत नाही. पण सणाच्या ऑर्डरीत ओव्हन सलग चार तास चालतो, तेव्हा बोर्ड वितळतो.

पिठाची चक्की किंवा मसाला मशीन असेल तर आणखी एक गोष्ट. 1 एचपी म्हणजे 746 वॅट हे खरं, पण मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट खेचते. म्हणून "मोटर आहे" हे वेगळं सांगा.

आता वीजबिल काढा. त्यावर "मंजूर भार" किलोवॅटमध्ये छापलेला असतो. घरातलं सगळं आणि नवीन मशीन एकाच वेळी चालवून बेरीज त्याच्या वर जात असेल, तर आधी भार वाढवून घ्यायचा अर्ज करा. आपल्या कामाला कोणता वीजदर लागू होतो, हेही तिथेच विचारून घ्या. मंजूर नसलेल्या कामासाठी वीज वापरली, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. छोट्या धंद्याचा नफा त्यात साफ होतो.

2) माणूस कसा निवडाल?

आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्री केलेलं आहे का, वायरमनचा परवाना आहे का, हे सरळ विचारा. विचारण्यात अपमान काही नाही. मग तीन प्रश्न टाका:

- या लोडला कितीची वायर टाकणार?
- एमसीबी कितीचा लावणार?
- अर्थिंग कसं तपासून दाखवणार?

चांगला कारागीर उत्तर देण्याआधी तुम्हालाच उलट विचारतो: "मशीन किती वॅटचं? मेन बोर्ड कुठे आहे, दाखवा." असा माणूस सोडू नका.

आणि "एमसीबी सारखा पडतोय? मोठा टाकून देतो" असं वायर न बघताच म्हणणारा असेल, तर त्याला नमस्कार करा. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. बारीक वायरवर मोठा एमसीबी लावला, तर एमसीबी पडणार नाही, पण भिंतीतली वायर जळेल.

3) कोटेशन लेखी घ्या

व्हॉट्सॲपवर चालेल, पण लिहिलेलं हवं. त्यात एवढं असू द्या:

- किती सॉकेट, कोणत्या जागी, 6 चे की 16 चे
- वायरचा आकार. 16 च्या सॉकेटला तांब्याची किमान 2.5 चौरस मिमी; अंतर लांब असेल किंवा मोठा लोड सतत चालणार असेल तर 4
- मोठ्या मशीनला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी
- 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, नसेल तर त्याचा खर्च
- भिंत फोडून काम की वरून पट्टी, आणि फोडलेली भिंत बुजवणार कोण
- सामान आणि मजुरी वेगवेगळी

सामानावर आयएसआय मार्क बघा आणि पक्कं बिल घ्या. जागा भाड्याची असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या आणि पट्टीचंच काम करा. जागा सोडताना काढून नेता येतं.

पैसे तीन टप्प्यांत द्या: सामानापुरते आधी, थोडे काम अर्धं झाल्यावर आणि उरलेले चाचणी झाल्यावर.

4) शेवटचा हप्ता देण्याआधीची चाचणी

हे सगळं इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. स्वतः सॉकेट उघडू नका.

- सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे आणि अर्थ वरच्या मोठ्या भोकात.
- अर्थची वायर खरंच मेन बोर्डापर्यंत गेली आहे ना? काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. वरवर सगळं चालतं, पण न्यूट्रल कुठे तुटली तर मशीनच्या पत्र्यातच करंट येतो. ओल्या हाताने पीठ मळणाऱ्या माणसासाठी हा जिवाचा प्रश्न आहे.
- आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो लगेच पडला पाहिजे.
- मशीन पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा. पिन किंवा सॉकेट चटका बसण्याइतकं तापलं, तर काम पूर्ण झालेलं नाही.

5) दुरुस्ती असेल तर

सॉकेट काळं पडलंय, ठिणगी येते, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो? आधी त्याचा एमसीबी बंद करा आणि वापर थांबवा. कारागीर आला की "नवीन बसवा" म्हणण्याआधी "हे जळलं कशामुळे?" हे विचारा. स्क्रू ढिला होता, लोड जास्त होता, की वायर बारीक होती? कारण तसंच ठेवून नवीन सॉकेट बसवलं, तर तेही जळणार. वायरचं जळलेलं टोकही कापून काढायला सांगा.

मित्रांनो, हा खर्च "किरकोळ" या खात्यात टाकू नका. प्रोजेक्टचा हिशोब करताना मशीनची किंमत, त्याखाली वायरिंगची किंमत, अशा दोन ओळी लिहा. ऑर्डर हातात असताना लाइन गेली, तर ग्राहक कारण ऐकत बसत नाही.

आजचा गृहपाठ: घ्यायच्या प्रत्येक मशीनचे वॅट, त्याचे अँपिअर आणि बिलावरचा मंजूर भार एका कागदावर लिहा. इलेक्ट्रिशियनला फोन करताना तोच कागद हातात ठेवा.