भत्ता कापला नाही, तर काम सुटते का?

बेकार भत्त्यात एक जुना पेच आहे. भत्ता घेणाऱ्याने छोटेमोठे काम धरले, की कमाईच्या प्रमाणात भत्ता कापला जातो. फिनलंडमध्ये महिन्याला ३०० युरोंपर्यंतची कमाई माफ असे. त्यापुढच्या दर युरोमागे भत्ता अर्ध्या युरोने घटे. वर प्राप्तिकर, घरभाड्याच्या अनुदानातली घट आणि कागदपत्रांत भत्ता अडकण्याची धास्ती. राबूनही पदरात इतके थोडे पडत असेल, तर काम नाकारणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

हा पेच सुटतो का, हे पाहण्यासाठी पंतप्रधान युहा सिपिला यांच्या सरकारने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे प्रयोग केला. किमान बेकार भत्ता घेणाऱ्या, २५ ते ५८ वयाच्या २,००० जणांना सोडतीने निवडले. त्यांना दरमहा ५६० युरो विनाअट, करमुक्त मिळाले; नोकरी लागली तरी रक्कम तेवढीच. सहभाग ऐच्छिक नव्हता, आणि प्रयोगाचे खरे बळ यातच होते. हौसेने पुढे आलेल्यांनाच घेतले असते, तर उरलेल्या बेकारांशी केलेली तुलना फोल ठरली असती.

पहिल्या वर्षी रोजगारात फारसा फरक पडला नाही. नोव्हेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात मात्र या लोकांनी सरासरी ७८ दिवस काम केले, तुलनेतल्या गटापेक्षा सुमारे ६ दिवस जास्त. हा आकडाही निर्भेळ नाही. २०१८च्या आरंभी सरकारने बेकारांवर नवी अट घातली: ठरावीक काम वा प्रशिक्षण केले नाही, तर भत्त्यात कपात. तिची झळ दोन्ही गटांना सारखी बसली नाही, त्यामुळे वाढीचे श्रेय कशाला द्यायचे हे सांगता येत नाही. प्रयोग अर्ध्यावर असताना नियम बदलणे ही गंभीर चूक होती.

सर्वेक्षणात जीवनाविषयीचे समाधान दहापैकी ७.३ भरले, दुसऱ्या गटात ६.८. उत्तरे देणारे थोडे होते, तरी मानसिक ताण कमी आणि संस्थांवरचा विश्वास जास्त दिसला.

विनाअट पैशाने बेकार माणूस हातपाय गाळून बसतो, या भीतीला इथे आधार मिळाला नाही. पण निव्वळ पैशाने नोकऱ्याही उगवत नाहीत. कौशल्याचा अभाव, खराब प्रकृती आणि गावात काम नसणे, हे अडसर उरतातच. प्रयोगाला मुदतवाढ मिळाली नाही. करांची फेररचना त्यात नव्हती आणि निवडलेले सगळे बेकारच होते. म्हणून सर्वांनाच असे उत्पन्न दिले तर नोकरीतली माणसे काम कमी करतील का, या प्रश्नावर फिनलंडचे आकडे पुरावा म्हणून वापरता येत नाहीत.