ताका पारखतो, मग पुडी का नाही?

अश्वगंधा, झोप आणि व्यापाऱ्याची बेचैनी : एक तजुर्बा

आपले व्यापारी बांधव एकत्र जमले की सुताचे भाव, जीएसटी, दुकानाचे भाडे, पार्टीची उधारी अशा सगळ्या विषयांवर बोलतात. पण "रात्री झोप लागते का?" असे कोणी विचारले, तर बहुतेक जण हसून बात टाळतात. दुकानाचे शटर खाली येते, पण डोक्यातली वही उघडीच राहते. या विषयावर आपण एकमेकांशी बोलत नाही. म्हणून स्वतःचाच तजुर्बा लिहितो आहे.

कोपरखैरण्यात माझे कापडाचे दुकान आहे. माथाडी कामगारांची कुटुंबे, एमआयडीसीतले नोकरदार आणि आसपासचे शिंपी हे माझे गिऱ्हाईक. गेल्या वर्षी एका जुन्या पार्टीकडे माझे साडेचार लाख रुपये अडकले. दुसरीकडे भिवंडीच्या मालवाल्याचा तगादा सुरू होता. रात्री दोन वाजता डोळे उघडायचे, ते फजरपर्यंत मिटत नसत. छातीत धडधड आणि जिवाला घबराट. घरी कोणाला सांगितले नाही. मर्द माणसाने फिक्र बोलून दाखवू नये, ही आपली जुनी खोड.

मंगलदास मार्केटमधल्या एका दलाल मित्राने सल्ला दिला, "भाई, असगंध घ्या. कुदरती चीज आहे, नुकसान काहीच नाही." वाशीच्या एका दुकानातून मी सुटी पूड आणली. पुडीवर ना नाव होते, ना तारीख. रोज रात्री एक चमचा, गरम दुधातून.

असगंध म्हणजे काय?

असगंध म्हणजेच अश्वगंधा. आयुर्वेदात आणि युनानीतही तिचा वापर जुना आहे. युनानी हकिमांत 'असगंध नागौरी' मशहूर आहे. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात तिची शेती होते आणि नीमचच्या मंडीत मुळांचा मोठा व्यापार चालतो. मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. शास्त्रीय नावातील 'सोम्निफेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थच झोप आणणारी.

तिच्यावर आधुनिक पद्धतीने संशोधनही झाले आहे. २०१२ साली हैदराबादच्या संशोधकांनी ६४ लोकांवर साठ दिवसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ताण कमी झाल्याचे आणि रक्तातील कॉर्टिसोल उतरल्याचे आढळले. २०१९ साली निद्रानाशाच्या ६० रुग्णांवरचा दहा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा हात होता. औषध घेणाऱ्यांची झोप जास्त सुधारली. पण ज्यांना औषधाच्या नावाखाली नुसतीच गोळी दिली होती, त्यांचीही थोडी सुधारली. म्हणजे काही गुण औषधाचा, तर काही गुण "आपण इलाज करतो आहोत" या दिलाशाचा. शिवाय या अभ्यासांत मुळाचा मोजून काढलेला अर्क होता, दिवसाला सहाशे मिलिग्रॅम. माझ्या चमच्यात काय आणि किती होते, अल्लाह जाणे.

पहिले तीन आठवडे, आणि नंतर

पहिले तीन आठवडे फरक वाटला. झोप चार-पाच तासांवर आली. मी दुकानात येणाऱ्या शिंप्यांनाही पुडीची शिफारस करू लागलो. पण दुसऱ्या महिन्यात धडधड परतली आणि पूर्वीपेक्षा जोरात. कापड मोजताना गज धरलेला हात थरथरू लागला. पंखा चालू असूनही घाम येई. वजन उतरले. एके दिवशी ताका फाडताना कात्री तिरकी गेली, तेव्हा घरच्यांनी बळेच डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेठ, आणखी कुठले औषध चालू आहे?" दोन वर्षांपासून मी थायरॉइड कमी असल्याची गोळी घेतो. असगंध सुरू करताना हे कोणाला सांगावे, असे मनातही आले नव्हते. रक्त तपासले, तर थायरॉइडचे प्रमाण हद्दीबाहेर वाढलेले. डॉक्टरांनी समजावले की अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते. माझ्या बाबतीत शंभर टक्के तेच झाले, असे त्यांनी म्हटले नाही. पुडी बंद झाली. दोन महिन्यांनी तपासले, तेव्हा रक्त ठीक होते आणि हातही स्थिर होता.

कुदरती म्हणजे बेजरर नव्हे

याची मोठी मिसाल आपल्याच घरातली आहे. सर्पगंधा, युनानीत असरोल, ही वेड आणि घबराटीवर जुन्या काळापासून दिली जाई. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' नाव दिले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्विस कंपनीने तिच्यातून रेसर्पिन काढले आणि ते जगभर गेले. मग काही रुग्णांना तेच औषध घेताना उदासीने घेरल्याच्या तक्रारी आल्या आणि डॉक्टर सावध झाले. ज्या चीजमध्ये असर आहे, तिच्यात जरर करण्याची ताकदही असते.

अश्वगंधेचेही तसेच आहे. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतील पाच रुग्णांचा अहवाल आला. अश्वगंधेची उत्पादने घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. २०२३ साली डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. याचा अर्थ असगंध जहर आहे असा नाही. पण गर्भवती बायांनी ती घेऊ नये. थायरॉइड, यकृत, मधुमेह, रक्तदाब यांचे रुग्ण आणि झोपेच्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी उघडू नये.

घ्यायचीच तर पारखून

आपण ताका घेताना पोत पाहतो, पन्हा मोजतो, काठ तपासतो, रंग जातो का ते पाण्यात भिजवून बघतो. मग पोटात जाणारा माल आंधळेपणाने का घ्यावा? सुटी पूड घेऊ नका. पाकिटावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख पाहा. मूळ वापरले आहे की पान, आणि प्रमाण किती, तेही वाचा. सनदवाल्या हकीम-वैद्याला आणि आपल्या डॉक्टरांना, दोघांनाही एकमेकांची औषधे सांगा. डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा धडधड दिसली, तर पुडी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा.

खरा इलाज

डॉक्टरांनी शेवटी विचारले, "पण झोप गेली कशाने?" तेव्हा त्या साडेचार लाखांची बात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाली. बीवी शेजारीच बसली होती. तिने फक्त इतकेच म्हटले, "आधी सांगायचे होते." त्या आठवड्यात आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. भिवंडीवाल्याशी महिन्याचा हप्ता ठरवला. पार्टीकडून निम्मी रक्कम आली, बाकीची अजून बाकी आहे. दुपारी चारनंतरचा चहा बंद केला. वही दुकानातच ठेवून घरी येतो. उठण्याची वेळ रोज एकच. आता रात्री सहा तास झोप होते.

कोणा भावाची झोप महिना महिना उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर पुडीच्या भरवशावर राहू नका. २०२२ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. उधारी वसूल व्हायला वेळ लागतो, पण घरच्यांना सांगायला पैसा लागत नाही.